पट्टीताई नातेवाईक होतात

रुग्णालयाच्या तळघरात एक खोली आहे. तिचं खरं नाव लांबलचक आहे, म्हणून सगळे तिला वाफेची खोली म्हणतात. ऑपरेशनला वापरलेल्या कात्र्या, चिमटे, पकडी धुऊन इथे येतात, भिंगाखाली तपासल्या जातात, हिरव्या कापडाच्या दुहेरी घडीत बांधल्या जातात आणि कपाटाएवढ्या यंत्रात कडक वाफेवर तापून निघतात. अशा एका गठ्ठ्याला इथे सेट म्हणतात. सेटच्या आत एक कागदी पट्टी ठेवतात. वाफ पुरेशी लागली की पट्टीवरच्या फिक्या रेघा काळ्या होतात. बांधलेला सेट इथे सोडता येत नाही, म्हणून सोबत तपासणीचा एक छोटा सेट यंत्रात घालतात आणि त्यातली पट्टी बघतात. यंत्राच्या पोटात काय चाललंय ते कोणालाच दिसत नाही, त्यामुळे सगळा विश्वास त्या पट्टीवर.

या खोलीत सव्वीस वर्षं घालवलेल्या बाईंना सगळे पट्टीताई म्हणत. पट्टी उजेडात धरायची, चष्मा वर करून बघायची, चष्मा खाली करून बघायची, आणि मगच हुं म्हणायचं, ही त्यांची पद्धत. सहकाऱ्यांनी बघितलेली पट्टी त्या पुन्हा बघत. स्वतः बघितलेलीही पुन्हा बघत. सव्वीस वर्षांत त्यांच्या हातून एकही कच्चा सेट वर गेला नव्हता, आणि हे विसरायची सोय त्यांनी कोणाला ठेवली नव्हती.

देवावर त्यांचा फार भरवसा, असं त्या स्वतःच सांगत. सकाळी यंत्र सुरू करण्याआधी कोपऱ्यात उभ्या राहून त्या हात जोडत. पण ती प्रार्थना कमी आणि ड्यूटी लावणं जास्त. अमक्या वॉर्डातल्या आजींचा ताप दुपारपर्यंत उतरव, लिफ्ट बंद पाडू नकोस, नव्या डॉक्टरचा हात थरथरतो त्याच्याकडे लक्ष दे. धाकट्या भावाने एकदा ते ऐकलं होतं. तो म्हणाला, "ताई, देवाकडून शेवटी सही पण घेतेस का गं?"

हा धाकटा म्हणजे त्रेचाळीस वर्षांचा, टक्कल पडलेला, बस चालवणारा गृहस्थ. पट्टीताईंच्या लेखी मात्र तो अजून चार वर्षांचाच होता. तो चार वर्षांचा असताना आई गेली, तेव्हा ताई चौदाच्या. त्या दिवसापासून तो झोपल्याशिवाय त्यांनी डोळा मिटला नाही. त्याचं लग्न झालं, तरी शेजारच्या खोलीतून घोरणं ऐकू येऊ लागलं की मगच त्यांचा दिवा मालवायचा. भावजय गरीब स्वभावाची. घरात मीठ किती घालायचं इथपासून नवऱ्याने स्वेटर कधी घालायचा इथपर्यंत सगळं वन्सं ठरवणार, हे तिने पहिल्याच महिन्यात ओळखलं आणि गप्प राहायला शिकली.

आणि या धाकट्याच्या हृदयाची झडप बिघडली. जिना चढताना त्याला दम लागायला लागला, मग बसच्या पायऱ्या चढतानाही. डॉक्टर म्हणाले, छाती उघडावी लागेल. ऑपरेशन पट्टीताईंच्याच रुग्णालयात ठरलं, सकाळी साडेआठला. जिवाला धोका किती, असं विचारल्यावर डॉक्टरांनी खरं तेच सांगितलं, आणि पट्टीताईंच्या तोंडचं पाणी पळालं.

आदल्या संध्याकाळी त्या वॉर्डात जाऊन धाकट्याची उशी नीट करत म्हणाल्या, "घाबरू नकोस. तुझा सेट मी स्वतः लावणार आहे."

"चला, देवाला सुट्टी," धाकटा म्हणाला. पण बहिणीचा हात त्याने बराच वेळ सोडला नाही.

सकाळी सहालाच पट्टीताई खाली आल्या. त्या पाळीला दुसरी एक बाई होती. ती आधी कपडे धुण्याच्या विभागात होती, दोन वर्षांपूर्वी इकडे आली. काम करता करता गुणगुणायची, म्हणून ताई तिला गाणेवाली म्हणत, आणि ते काही कौतुकाने नव्हे. त्यांनी तिला सेटजवळ फिरकूसुद्धा दिलं नाही. सगळी हत्यारं एकेक करून भिंगाखाली घातली, सेट बांधला. मनाचं समाधान होईना, म्हणून सोडला, पुन्हा बांधला. तिसऱ्यांदा बांधून यंत्रात ठेवला, दार लावलं आणि समोर स्टुलावर बसल्या.

यंत्राने वाफ घेतली, तापलं, वाफ सोडली. आता फक्त वाळायचं राहिलं होतं. वीस मिनिटं नुसतं बसायचं. आणि तेवढ्यात पट्टीताईंच्या मनात शंका आली. तीन वेळा सेट बांधला, त्यातल्या शेवटच्या वेळी आत पट्टी ठेवली होती का? पहिल्या वेळची आठवत होती. दुसऱ्या वेळचीही. तिसऱ्या वेळची काही केल्या आठवेना.

"ठेवलीत हो ताई. मी बघितलं ना," गाणेवाली म्हणाली.

पण तिच्या बघण्यावर त्यांचा कधी विश्वास होता? त्यांनी बटण दाबून यंत्र मधेच थांबवलं, दार उघडलं, सेट बाहेर काढून सोडला. पट्टी जागच्या जागी होती. रेघा काळ्याकुळकुळीत. आणि त्यांच्या बोटांना कापड ओलं लागत होतं.

ओला सेट म्हणजे कच्चा सेट. तो पुन्हा पहिल्यापासून करायचा, हे त्यांनीच मोठ्या अक्षरात लिहून भिंतीवर लावलं होतं. त्या कागदाकडे बघत पट्टीताई उभ्या राहिल्या. मग स्वतःच फोन उचलला आणि ऑपरेशन थिएटरच्या इनचार्ज सिस्टरला झालं ते सगळं सांगितलं. काही लपवलं नाही, एवढं त्यांच्या बाजूने म्हणायलाच हवं.

इनचार्ज सिस्टर दोन मिनिटांत खाली आल्या. ओरडल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "साडेआठला दुसरा पेशंट घेतोय. तुमच्या भावाचं साडेअकराला. सेट ह्या बाई लावतील. तुम्ही वर जाऊन बसा."

"मी आता नीट लावते, सिस्टर."

"तुम्ही आज इथे कामाला नाही. आज तुम्ही नातेवाईक आहात. नातेवाईक बसतात तिथे बसा."

सव्वीस वर्षांत त्या बाकांवर पट्टीताई कधी बसल्या नव्हत्या. भावजय तिथे थर्मास आणि धाकट्याचा स्वेटर घेऊन बसली होती. साडेअकराला धाकट्याला आत नेलं. जाताना तो दोघींकडे बघून हसला. दार बंद झालं तशी पट्टीताई म्हणाल्या, "उशीर माझ्यामुळे झाला. मी सेट ओला काढला. तीन तास त्याचा जीव टांगणीला लागला तो माझ्यामुळे."

भावजयीने मांडीवरच्या स्वेटरची घडी नीट केली. मग म्हणाली, "तीन तास ते माझ्याशी बोलत होते, वन्सं. आमच्या लग्नाचं, काय काय. एवढा वेळ ते माझ्या एकटीच्या वाट्याला कधी आले नव्हते."

टोमणा नव्हता तो. टोमणा असता तर पट्टीताईंनी परतवला असता. हे मात्र त्यांना आतपर्यंत लागलं.

त्यांनी डोळे मिटून हात जोडले. सवयीने यादी सुरू झाली. डॉक्टरांचा हात स्थिर ठेव. वीज जाऊ देऊ नकोस. रक्ताच्या बाटल्या वेळेवर पोचव. सेट... आणि तिथे त्या अडल्या. सेटचं मी बघते, असं आजवर देवाला सांगायची त्यांची पद्धत होती. आज सेटही त्यांच्या हातात नव्हता. मांडीवर रिकामे हात तेवढे होते. इतकी वर्षं देवावर भरवसा म्हणून आपण जे करत आलो, ते त्याच्यावर पाळत ठेवणं होतं, हे त्यांना कळलं आणि त्यांना रडू आलं. एवढ्या मोठ्या बाई, पदराने डोळे पुसत बसल्या.

"देवा, मला काही सुचत नाही," त्या पुटपुटल्या. "तूच बघ आता." यादी तिथेच संपली.

थोड्या वेळाने गाणेवाली जिन्याने धापा टाकत वर आली. तिच्या हातात कागदाची छोटी पुडी होती. "ताई, धाकट्या भाऊंच्या सेटबरोबर तपासणीचा छोटा सेट यंत्रात होता ना, त्यातली पट्टी आणली. म्हटलं, तुम्हाला बघितल्याशिवाय चैन पडायचं नाही."

पट्टीताईंचा हात पुढे गेला. दुसऱ्या हाताने चष्माही वर झाला. मग त्यांनी चष्मा पुन्हा नाकावर ठेवला. "तू बघितलीस ना?"

"दोनदा."

"मग झालं तर."

 गाणेवाली पुडी तशीच मुठीत धरून वळली.

"अगं," ताईंनी हाक मारली. "सेट लावताना गुणगुणत होतीस का?"

ती ओशाळली. "हो ताई. सवय आहे."

"असू दे. चांगलं असतं ते," ताई म्हणाल्या.

त्यानंतरचं त्यांना आठवत नाही. कोणीतरी खांदा हलवत होतं. त्यांनी डोळे उघडले तर अंगावर धाकट्याचा स्वेटर होता आणि समोर भावजय उभी होती. "उठा, वन्सं. झालं ऑपरेशन. डॉक्टर येऊन सांगून गेले. नीट झालं म्हणाले." बोलता बोलता ती हसत होती आणि तिचे डोळेही वाहत होते. पट्टीताई घड्याळाकडे बघत राहिल्या. चार तास त्या बाकावर चक्क झोपल्या होत्या. आत भावाची छाती उघडलेली असताना.

दुसऱ्या दिवशी दुपारी धाकट्याला भेटायला सोडलं. नळ्यांच्या जंजाळात तो पडला होता, आवाज बसलेला, पण चेहऱ्यावर रंग आला होता. पट्टीताईंनी चादर सारखी केली आणि त्या शेजारी बसल्या.

"तू झोपली होतीस म्हणे काल," तो हळूच म्हणाला.

"हो."

"मी आत असताना?"

"हो रे."

तो त्यांच्याकडे बघत राहिला. आता थट्टा करणार, म्हणून त्या तयारीत होत्या. पण त्याने थट्टा केली नाही. तो म्हणाला, "आई गेल्यापासून तू माझ्याआधी कधी झोपली नाहीस, ताई."

पट्टीताईंनी चादरीची आधीच सरळ असलेली कड पुन्हा सरळ केली.

"दमले होते रे मी," त्या म्हणाल्या.