अलंघ्य पांदण

गिरडजवळच्या माझ्या शाळेत पोचायला शेवटी शेतांमधली पांदण, म्हणजे कच्ची वाट, ओलांडावी लागते. पावसाळ्यात तिथली काळी माती स्कूटरच्या चाकांत अशी बसते की चाक फिरायचं नावच घेत नाही. त्या दिवशी वैतागून स्कूटर तिथंच सोडली, चपला हातात घेतल्या आणि गुडघाभर चिखल तुडवत वर्गात पोचले.

नेमका धड्यात ‘अलंघ्य’ शब्द आला. मी तणतणत फळ्यावर अर्थ लिहिला: जे ओलांडताच येत नाही असं. खाली उदाहरण दिलं, आपली पांदण.

पहिल्या बाकावरची मुलगी माझ्या पायांकडे बघत म्हणाली, “मॅडम, मंग तुमी आल्या कशा?”

अख्खा वर्ग हसला. मी उदाहरण पुसून टाकलं. चिखल मात्र शाळा सुटेपर्यंत पायांवर मिरवला.