शैलाच्या नावाने मी बोललेला नवस

नवस मी बोलले आणि फेडायला लावला शैलाला. आयुष्यात मूर्खपणा पुष्कळ केला, पण एवढा मन लावून केलेला हा एकच. नातवंडांना मी सगळ्यातलं कळणारी आजी वाटते, म्हणून एकदा लिहूनच टाकते.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. मुलुंडला शैला आमच्या समोरच्या घरात आईबरोबर राहायची. शाळेत पी.टी. शिकवायची, मुलींचं लेझीम बसवायची. आज ज्याला बायपोलर म्हणतात तो आजार तिला होता. कधी तीन-तीन दिवस झोपेशिवाय भराभर बोलत सुटायची, कधी आठवडाभर भिंतीकडे तोंड करून पडायची. लिथियमच्या गोळ्यांनी जरा सावरत होती. शाळेने दिवाळीपर्यंत रजा दिली होती. त्यानंतर हजर झाली नाही तर नोकरी जाणार होती.

तिच्या डॉक्टरांकडे दर वेळी मी सोबत जायची. हे गृहस्थ मान वर न करता चिठ्ठी लिहायचे. शैला रडली तर घड्याळ बघायचे. त्या रागाच्या भरात मी एका मंगळवारी देवीला परस्पर सांगून आले, शैला एकवीस दिवस अळणी जेवेल, तिला बरी कर. शैलाला नंतर कळवलं. ती हो म्हणाली, कारण तेव्हा ती सगळ्यालाच हो म्हणत होती. डबा माझ्याच हातचा. मिठाचा कणही जाऊ नये म्हणून मी भांडी दोनदा घासायची. स्वतःच्या भक्तीचं मला फार कौतुक वाटायचं.

दहाव्या दिवशी तिचे हात थरथरायला लागले. कप धरवेना. डॉक्टर म्हणाले, कामावर जायची वेळ आली की असली नाटकं सुरू होतात, लाड करू नका. काय खाते ते त्यांनी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही. देवाचं डॉक्टरला कशाला सांगायचं? चौदाव्या दिवशी उलट्या झाल्या, जीभ जड झाली, पाय वेडेवाकडे पडायला लागले. मला वाटलं, देवी कसोटी बघतेय. तिला धरून सकाळीच देवळात नेलं.

पायरीवर पांढऱ्या साडीतली एक बाई तुटलेली चप्पल हातात घेऊन बसली होती. शैला तिच्या शेजारीच मटकन बसली. बाईने तिचे हात हातात घेऊन पाहिले आणि मला विचारलं, कुठल्या गोळ्या चालू आहेत. मी सांगितलं.

"मीठ बंद केलंयत का हिचं?"

चौदा दिवस झाले, मी मोठ्या तोऱ्यात म्हणाले.

"कोणी सांगितलं?"

मी गाभाऱ्याकडे बोट केलं. खरं तर स्वतःकडे करायला हवं होतं.

ती नर्स होती, ड्यूटीवर निघालेली. एका पायात चप्पल, अशीच धावत जाऊन तिने रिक्षा थांबवली. मीठ तोडलं की हे औषध अंगात साठत जातं आणि त्याचं विष होतं, हे मला त्या रिक्षात कळलं. तिच्याच इस्पितळात रक्त तपासलं, सलाइन लावलं. शैला वाचली. मी नर्सबाईंना प्रसाद देऊ केला, तर त्या हसल्या. म्हणाल्या, आम्ही बुद्धाला मानणारे, देवळात आले नव्हते, चप्पल तुटली म्हणून टेकले होते. यावर मी कोणाशी वाद घालत नाही. चप्पल नेमकी तिथेच तुटली, एवढंच मला ठाऊक आहे. मी एकवीस दिवसांची अट घातली होती. कृपा चौदाव्या दिवशीच आली, तीही माझी अट मोडून.

बरं वाटल्यावर शैलाने पहिलं काम केलं ते डॉक्टर बदलण्याचं. त्या इस्पितळातल्या डॉक्टरीणबाई अर्धा तास नुसतं तिचं ऐकत बसल्या. औषधाचं प्रमाण नव्याने बसवलं, जेवण नेहमीचं सुरू झालं. दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा शैला गळ्यात शिट्टी अडकवून हजर होती. जानेवारीत तिच्या मुलींनी लेझीम असं घुमवलं की स्पर्धेची ढाल थेट मुलुंडला आली. आजार काही गेला नाही. पण त्याला बरोबर घेऊनच ती पुरी नोकरी करून निवृत्त झाली.

देवाला कार्यक्रम आखून द्यायचा, यालाच मी तेव्हा शरण जाणं समजत होते. आता हात जोडते आणि गप्प बसते. गप्प बसणं मला किती जड जातं, ते आमच्या घरच्यांना विचारा.

ढाल आली त्या संध्याकाळी मी शैलाची रडून माफी मागितली. तिने मला पोटभर रडू दिलं. मग म्हणाली, "तुझ्या देवीवर माझा राग नाही गं. फक्त यापुढे तुम्हा दोघींना माझ्याबद्दल काही ठरवायचं असलं ना, तर मला पण बोलवा."