गाडी कुठे उभी करू?

म्मापाकोंच्या हाताखाली मी एकोणीस वर्षं गाडी चालवली, आणि त्यातली निम्मी वर्षं मोरुलाच्या झाडाखाली गाडी लावून झोपा काढल्या. दोष माझा नाही. बाई ऑफिसातून ऐटीत गाडीत बसायच्या, आणि कुठलीही वस्ती दिसायला लागली की म्हणायच्या, "ओतेंग, थांब इथेच." पुढे पायी. कौन्सिलने पांढरीशुभ्र गाडी दिलेली, दारावर हातभर अक्षरांत 'समाजकल्याण' रंगवलेलं, आणि अधिकारी बाई धुळीत चपला फरफटत चालल्यात. मला फार राग यायचा. ड्रायव्हरलाही काही इज्जत असते की नाही?

त्यांचं खरं नाव फक्त कागदांवर होतं. थोरल्या मुलाचं नाव पाको, म्हणून त्या म्मापाको. ठेंगण्या, रुंद, डोक्याला रुमाल, आणि हसल्या की खोकला लागेपर्यंत हसायच्या. निराधार म्हाताऱ्यांना महिन्याचा शिधा, पोरक्या मुलांना शाळेचे कपडे, मार खाणाऱ्या बायकांना आसरा, हे त्यांचं काम. ते करायची रीत मात्र जगावेगळी. एका घरी काम असलं की त्या सात घरी जायच्या. सातही घरी बसायचं, कोंबड्यांची चौकशी करायची, चहा प्यायचा. आमच्याकडे चहा नाकारला म्हणजे घर नाकारलं, तेव्हा सात घरचे सात कप पोटात. परतताना मला दोनदा झुडपांपाशी गाडी थांबवावी लागे आणि पाठ करून उभं राहावं लागे.

माग्विन्या, म्हणजे पिठाच्या तळलेल्या पुऱ्या, विकणारी म्मादिबे मला रोज पकडायची. "ओतेंग, काल बाई आमच्या गल्लीत आल्या होत्या. सातांपैकी कंगाल कोण रे?"

"मला काय ठाऊक? तुझ्याकडेही चहा प्यायल्या ना? तूच असशील."

"तुझ्या तोंडात राख पडो!" असं म्हणून ती मला एक माग्विन्या कमी द्यायची.

मी एकदा बाईंना स्पष्टच विचारलं, की ही पायपीट कशासाठी. त्या म्हणाल्या, "अरे, गाडी दारात थांबली की गाव म्हणतं, यांची चूल विझली. शिधा महिन्यात संपतो. ते बोलणं नातवंडांपर्यंत पुरतं."

आता र्रा सेलेपेंचं सांगतो; आमच्याकडे पुरुषाला मानाने र्रा म्हणतात, बाईला म्मा. हा म्हातारा एकेकाळी गावातल्या सगळ्या मयतांचा मुख्य आचारी. शुक्रवारी संध्याकाळी तीन पायांच्या लोखंडी भांड्यांत बैल शिजत घालायचा, आणि शनिवारी पहाटे माती देऊन लोक परतेपर्यंत लाकडाने कुटून कुटून मांसाचा असा भुगा करायचा की दात नसलेल्यांनीही मिटक्या माराव्यात. तरुणपणी खाणीत होता, तिथे लिहायला शिकला. बायको गेली, मुलगी सीमेपलीकडे गेली ती गेलीच. डोळ्यांत मोतीबिंदू उतरले. पण स्वभाव असा, की मोडेन पण वाकणार नाही.

ते दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. एका शनिवारी मयताच्या जेवणात म्मापाकोंनी मला कोपराने ढोसलं. "र्रा सेलेपेंकडे बघ. टक लावू नकोस, नुसतं बघ."

मी पाहिलं. म्हातारा सावकाश, रुबाबात जेवत होता. अर्धं ताट झालं आणि उरलेलं अर्धं कोटाच्या आतल्या डब्यात गेलं. मग आठवलं, मागच्या शनिवारी हा पार वरच्या वस्तीत, ओळख ना पाळख अशा घरच्या मयताला चालत आला होता.

"मयताच्या घरी 'तू का जेवतोस' असं कुणी विचारत नाही," बाई म्हणाल्या. "हा माणूस आठवड्यातून एकदाच जेवतोय, ओतेंग."

मी ताट खाली ठेवलं. मी म्हटलं, "मग घाला की नाव यादीत! उद्याच शिधा टाकू."

"नाव त्याचं आहे. त्याला विचारायला नको?"

विचारलं. सहा घरी चहा पिऊन सातवं घर र्रा सेलेपेंचं. तिथे चहा मिळाला नाही, पाणी मिळालं. म्हातारा म्हणाला, "मी अजून माझ्या पायांवर उभा आहे, म्मा. दुसरीकडे बघा." बाईंनी पाण्याबद्दल आभार मानले आणि उठल्या. पंधरा दिवसांनी पुन्हा गेल्या, पुन्हा नाही. तिसऱ्यांदाही नाही. प्रत्येक वेळी त्या रिकाम्या हातांनी जायच्या आणि गप्पा मारून यायच्या. मला हे पटेना. मी म्हटलं, "म्मा, तो नाही म्हणता म्हणता मरेल."

"म्हणूनच जात राहायचं. पण त्याचं 'नाही' मी खिशात घालून आणू शकत नाही."

मग बाईंना तीन आठवड्यांच्या प्रशिक्षणासाठी राजधानीला, गाबोरोनला, जावं लागलं. आणि नेमके त्यातले पहिले दोन आठवडे गावात कुणी मेलं नाही. एरवी ही आनंदाची गोष्ट. पाद्री देवाचे आभार मानत होता, आणि मी मात्र शनिवार मोजत होतो. दोन शनिवार कोरडे गेले. तिसऱ्या आठवड्यात मला राहवेना. मी माझ्या घरातून ज्वारीच्या पिठाचं पोतं उचललं, तेल, साखर, चहापत्ती घेतली, बायकोच्या शिव्या खाल्ल्या आणि गाडी थेट र्रा सेलेपेंच्या फाटकाला भिडवली. म्हाताऱ्याला दिसत नाही, म्हणून वर लांबलचक हॉर्न वाजवला.

सगळी गल्ली बाहेर आली. म्मादिबे तर हातात झारा घेऊन आली. फाटका बनियन घातलेला म्हातारा चाचपडत दारात आला तोवर मी पोतं उतरवून मोकळा झालो होतो. "र्रा, खायला आणलंय!" मी ओरडलो. खरंच ओरडलो, बहिऱ्याशी बोलावं तसा.

"ठेव तिथे," एवढंच म्हणून तो आत गेला.

त्या शनिवारी गावात मयत झालं. मी भांड्यांपाशी उभा राहून वाट पाहिली. र्रा सेलेपे आला नाही. रविवारी त्याच्या दारावरून गेलो, तर पोतं फाटकाशीच. शेळ्यांनी फाडून अर्धं पीठ मातीत मिसळलेलं. आठवड्याला जे एक जेवण त्याला होतं, तेही मी तोडलं होतं. घरी जाऊन मी बायकोसमोर रडलो, त्यात लपवण्यासारखं काही नाही.

सोमवारी बाई आल्या. मी सगळं सांगितलं. वाटलं, आता नोकरी जाते. त्यांनी डोक्याच्या रुमालाची गाठ सोडली आणि पुन्हा बांधली. मग म्हणाल्या, "चल. शिधा न्यायचा नाही. माफी मागायला जायचंय."

त्या दिवशी सात घरं नाहीत. सरळ त्याच्याकडे, पायी. म्हातारा भिंतीला टेकून बसला होता. गालांची हाडं वर आलेली. मी जमिनीवर बसलो आणि दोन्ही हात जोडून टाळी वाजवली, आमच्याकडे थोरांची माफी मागताना वाजवतात तशी.

"र्रा, मी चुकलो. सगळ्या गावासमोर तुमची लाज काढली."

"गाव?" म्हातारा म्हणाला. "गाव काय, मला दिसतं तरी का? पोरा, मी बनियनवर होतो! तू हॉर्न मारतोस काय, पोतं टाकतोस काय! मला कोट घालायला वेळ दिलास? मेलेल्याला सुद्धा आपण आधी कपडे घालतो."

मी मान खाली घातली. बाई पुढे सरकल्या. "त्याची चूक माझ्या खात्याची, र्रा."

"तू तर बोलूच नकोस, म्मापाको. डोळे गेलेत माझे, कान नाही गेले. सहा घरी कप वाजतात आणि मग तू माझ्याकडे येतेस. मी चोर आहे का, मला लपवायला? मला विचारलंस कधी, र्रा सेलेपे, तुम्हाला लपायचंय का?"

बाईंच्या डोळ्यांतून पाणी आलं. ज्या गोष्टीचा त्यांना सगळ्यात जास्त अभिमान, तिच्यावरच म्हाताऱ्याने बोट ठेवलं होतं.

"नाही विचारलं," त्या म्हणाल्या. "शिधा घ्याल का ते विचारलं. कसा घ्याल ते नाही विचारलं. चुकलं माझं."

म्हातारा काठीने माती उकरू लागला. एक कोंबडी येऊन त्या उकरलेल्या मातीत चोच मारून गेली.

"ऐका तर," तो शेवटी म्हणाला. "मंगळवारी या. दहा वाजता, सगळे जागे असताना. गाडी फाटकाला लावा. सही मी करणार, अंगठा नाही. आणि हे पोरगं," काठी माझ्या खांद्यावर, "हॉर्न एकदाच वाजवेल. छोटा."

बाई मला हळूच म्हणाल्या, "आजच्या जेवणाचं विचार."

मी विचारलं. तो हो म्हणाला. म्मादिबेकडून आणलेल्या माग्विन्या त्याने इतक्या हळू खाल्ल्या, की मला बघवेना.

मंगळवारी मी गाडी धुतली, चाकं सुद्धा. एकच छोटा हॉर्न. र्रा सेलेपे फाटकात उभा होता. काळा कोट, हॅट, बूट तेलाने चमकवलेले. कागद गाडीच्या बॉनेटवर ठेवून त्याने आपलं पूर्ण नाव लिहिलं, ओळ सोडून, तिरकं, पण पूर्ण. मग गल्लीकडे तोंड करून ओरडला, "काय बघता? म्मादिबे, तुझ्या तेलाचा वास येतोय, तू आहेसच! ये, पोतं धर. आणि सगळे बसा, आज चहा माझ्याकडे."

बाई त्याच्या अंगणात पहिल्यांदा चहा प्यायल्या. साखर पाच चमचे होती. त्यांनी दुसरा कप मागितला.

त्या दिवसानंतर कुठल्याही घरी बसल्यावर त्यांचा पहिला प्रश्न बदलला. आजार, भूक, नवरा, सगळं नंतर. आधी विचारायच्या, "गाडी कुठे उभी करू?" कुणी म्हणे चर्चच्या मागे. कुणी म्हणे विहिरीपाशी, अंधार पडल्यावर. एक मुलगी म्हणाली, इथे नकोच, मी ऑफिसात येते. सात कप चहाही चालूच राहिला, पण ज्यांना हवा त्यांच्यासाठी. मोरुलाखालच्या माझ्या झोपा निम्म्याने कमी झाल्या.

र्रा सेलेपे त्यानंतर चार वर्षं जगला. डोळ्यांचं ऑपरेशन झालं, एका डोळ्याने दिसू लागलं, आणि तो पुन्हा मयताच्या भांड्यांपाशी उभा राहून तरुणांना कुटण्यावरून शिव्या घालू लागला.

त्याच्या स्वतःच्या मयताच्या शनिवारी पहाटे आम्ही त्याच्या गल्लीच्या तोंडाशी पोचलो. माणसं दुतर्फा उभी होती. सवयीने मी ब्रेक लावला आणि बाईंकडे पाहिलं. त्या रुमालाने डोळे पुसत होत्या.

"गाडी कुठे उभी करू, म्मा?"

"मला काय विचारतोस? त्याने सांगून ठेवलंय ना."

मी गाडी फाटकाला लावली, आणि हॉर्न एकदाच वाजवला. छोटा.