हिरव्या डहाळीचा कोस

एटापल्लीकडच्या जंगलात तो मला एकदाच भेटला. दुसऱ्या दिवशी चंद्रपूरला माझा बी.एस्सी.च्या पहिल्या वर्षाचा भौतिकशास्त्राचा पेपर होता. दुपारची एकच बस होती आणि बहिणीच्या गावाहून परतताना मी वाट चुकलो होतो.

एका झाडाखाली एक माणूस मोहफुलं वेचत होता. मी विचारलं, "मामा, सडक किती दूर आहे?"

टोपली ठेवून तो उठला. माझे दोन्ही खांदे धरून त्यानं मला वळवलं आणि माझं तोंड सडकेकडे केलं. मग एक हिरवी डहाळी मोडून हातात दिली.

"पानं माना टाकतीन तवा एक कोस झाला समज. मंग दुसरी तोडजो. तेही सुकली का सडक आली."

सदिशाला परिमाण आणि दिशा दोन्ही लागतात, हे मी तेव्हा पाठ करत होतो. त्यानं दोन्ही दिलं होतं, तरी मला हसू आलं.

"हे काय माप होय, मामा? उन्हात पान लवकर सुकते. माप सगळीकडे सारखं पायजे."

"उन्हात माणूसबी लवकर सुकते ना, बाबू."

"तुमाले नाई समजणार," असं म्हणून मी डहाळी त्याच्यासमोरच टाकली. तो वाकून पुन्हा फुलं वेचू लागला.

बस मिळाली. पेपरही बरा गेला. पुढे प्रयोगशाळेत प्रत्येक माप तीन-तीनदा घेऊन वहीत उतरवायची सवय लागली. त्याचं माप मात्र मी एकदाही घेऊन पाहिलं नव्हतं, आणि ते चूक आहे असं त्याच्या तोंडावर सांगून आलो होतो.