अपराजितांची खुर्ची

बेलफोर्डमध्ये वर्ना डिट्मरच्या खुर्चीत केस कापायला बसलं, की फुटबॉलवर, म्हणजे चेंडू हातात घेऊन धावायच्या अमेरिकन फुटबॉलवर, बोलणं आलंच. ज्याला त्यात रस नसे, त्याने निदान मान हलवायची तयारी ठेवायची. तीही जपून, कारण कात्री तिच्या हातात असायची. कॅन्ससच्या त्या सपाट गव्हाच्या मुलखात बेलफोर्ड स्टेट विद्यापीठामुळेच काय ते बाहेरच्या जगाला गावाचं नाव ठाऊक होतं, आणि विद्यापीठ म्हणजे गावकऱ्यांच्या लेखी त्याचा फुटबॉलचा संघ, क्रेन्स. शनिवारी सामना असला की वर्ना सलूनला कुलूप लावायची, निळा कोट चढवायची आणि खिमा-कोबी भरलेले बिरॉक पाव डब्यात घालून मैदानाची वाट धरायची. नवऱ्याशी तिचा घटस्फोट झाला होता. त्याचं कारण फुटबॉल नव्हतं, असं ती सांगे. नवऱ्याला मात्र दुसरं कारण सांगता येत नसे.

तिचा धाकटा भाऊ केंट याच संघातून खेळलेला. सेंटर होता तो, म्हणजे रांगेच्या मधोमध वाकून चेंडू मागे देणारा आणि पुढच्या क्षणी समोरच्या धिप्पाड गड्याला छातीवर घेणारा. त्याच्या शेवटच्या वर्षी क्रेन्स एकही सामना हरले नाहीत. त्या काळी देशाचा विजेता ठरवायला फक्त दोन संघ निवडायचे, आणि ते कोण हे पत्रकारांची मतं आणि संगणक मिळून ठरवायचे. बेलफोर्डचं नाव त्यात आलंच नाही. नाताळच्या आठवड्यात त्यांना कुठल्यातरी अर्ध्या रिकाम्या स्टेडियममध्ये एक शोभेचा सामना खेळायला पाठवलं. तोही ते जिंकले. परतीच्या बसमधून उतरताना केंट बहिणीला म्हणाला होता, "आम्ही कुणाकडूनच हरलो नाही, वर्ना. तरी जिंकलो नाही. हे कसं काय?"

अनुत्तरित प्रश्न वर्नाला खपत नसे. ती गावच्या रेडिओवर फोन करायला लागली. खेळाचा कार्यक्रम चालवणारा रस पीटरमन सुरुवातीला तिचा फोन मध्येच कापायचा. मग त्याच्या ध्यानात आलं, की तिचा फोन कापला की इतरांचे फोन येतात, तिला परत जोडा म्हणून. शेवटी त्याने तिला दर मंगळवारी संध्याकाळी पाच मिनिटं देऊन टाकली. ती पंधरा घ्यायची. विषय एकच असायचा: छोट्या विद्यापीठांनी सगळे सामने जिंकले तरी त्यांना बाहेर का बसवता? खेळाचा निकाल मैदानावर लागू द्या, बंद खोलीत नको.

वर्षं गेली, नियम बदलले. दोनाचे चार संघ झाले, चाराचे बारा, आणि त्यांच्यात बाद फेरी खेळून विजेता ठरायला लागला. आता एक निवड समिती हंगामाच्या शेवटी दर मंगळवारी क्रमवारी जाहीर करायची. विद्यापीठं वेगवेगळ्या गटांत खेळायची, आणि बड्या गटांच्या जागा जवळजवळ ठरलेल्याच असत. छोट्या गटांच्या विजेत्यांमध्ये जो सगळ्यांत वर, त्याच्यासाठी म्हणून एक खुर्ची ठेवलेली. वर्ना म्हणायची, एक तर एक, खुर्ची तर आहे.

आणि त्या वर्षी ती खुर्ची बेलफोर्डच्या अगदी हाताशी आली. क्रेन्सने सप्टेंबरमध्ये एका बलाढ्य संघाकडून मार खाल्ला होता, पण त्यानंतर सगळे सामने जिंकले. त्यांच्या वाटेत एकच अडचण होती: मिझुरीच्या डोंगराळ भागातलं मॅकब्राइड टेक. दगडखाणींचं गाव, संघाचं नाव स्टोनकटर्स. बेलफोर्डची माणसं त्यांना 'गिट्टीवाले' म्हणायची. हे गिट्टीवाले त्या वर्षी एकदाही हरले नव्हते. तरीही शेवटच्या आठवड्याच्या मंगळवारी क्रमवारी आली, तेव्हा बेलफोर्ड मॅकब्राइडच्या वर होतं. समितीचं म्हणणं, मॅकब्राइडचे प्रतिस्पर्धी कच्चे होते. शिवाय टीव्हीवर बेलफोर्डला बघणारे जास्त, हे कुणी बोललं नाही, पण सगळ्यांना ठाऊक होतं.

अखेरची यादी रविवारी यायची होती, पण मेन स्ट्रीटवर आताच गाड्यांचे भोंगे वाजायला लागले. वर्ना रेडिओ स्टेशनवर पोचली तेव्हा रस हसत दारातच उभा होता. आज हवी तेवढी मिनिटं घे, म्हणाला. ती माइकसमोर बसली. तिचा चेहरा बघून त्याचं हसू जरा मावळलं.

"मी क्रेन्सची आहे," ती म्हणाली. "माझ्या कोटाचं अस्तरसुद्धा निळं आहे. पण आज जे झालं ते बरोबर नाही. मॅकब्राइड हरलेलं नाही. आपण हरलोय. त्यांचे प्रतिस्पर्धी कच्चे होते म्हणे. अहो, त्यांनी तगड्यांना खेळायला बोलावलं होतं, एकानेही तारीख दिली नाही. दार आतून लावून घ्यायचं आणि वर विचारायचं, तू आत का आला नाहीस? आपल्याशी हेच झालं, तेव्हापासून मी या माइकवरून बोंबलत आलेय आणि तुम्ही माना डोलावत आलात. आज तेच बोलणं आपल्याला अडचणीचं झालं, म्हणून मी गिळून टाकू का? ती खुर्ची मॅकब्राइडची आहे."

रसने तिच्याकडे पाहिलं आणि नेहमीसारखं 'आता घेऊ या श्रोत्यांचे फोन' म्हणायचं टाळलं. तसेही फोनचे सगळे दिवे एकदम लुकलुकत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या सगळ्या बायकांनी वेळ रद्द केली. कुणीतरी सलूनच्या काचेवर खडूने 'गिट्टीवाली' लिहून ठेवलं. वर्नाने ते पुसलं नाही. पाऊस येईल तेव्हा जाईल, म्हणाली. फक्त मिसेस ओपल हेनिंग आल्या. ऐंशी पार केलेल्या ओपलबाई दर बुधवारी केस सेट करून घ्यायच्या आणि प्रत्येक सामन्याला पांघरूण घेऊन पुढच्या रांगेत बसायच्या.

"या राज्यात माझे केस दुसऱ्या कुणाला जमत नाहीत, म्हणून आलेय," त्यांनी बसता बसता बजावलं. "बोलणार नाहीये मी तुझ्याशी."

"नका बोलू. मान सरळ ठेवा."

बाई खरंच बोलल्या नाहीत. जाताना दारात थांबून मात्र म्हणाल्या, "पोरी, बरोबर असलं तरी सगळं मोठ्याने सांगायचं असतं का गं?" आणि उत्तराची वाट न बघता गेल्या.

सगळ्यांत जास्त लागलं ते केंटचं. तो विचिटा शहरात ट्रॅक्टर विकायचा. आता केस पिकलेले, गुडघे गेलेले. त्याने फोन केला तेव्हा आवाज इतका शांत होता, की वर्नाला तो ओरडला असता तर बरं वाटलं असतं.

"का केलंस तू हे? ही पोरं तिथं गेली, तर मला वाटेल आम्हीच गेलो."

"तू जाशील, आणि तुझ्या जागी मॅकब्राइडचा कुणीतरी सेंटर बाहेर बसेल."

"तो माझा कोण लागतो?"

"तूच आहेस तो, केंट."

पलीकडून फोन बंद झाला.

इकडे तिचं बोलणं गावात राहिलं नाही. कुणीतरी ते फोनवरून फोनवर पाठवलं, आणि शुक्रवारपर्यंत देशभरच्या टीव्हीवर टाय लावलेली माणसं बेलफोर्डच्या एका केस कापणाऱ्या बाईच्या वाक्यांवर भांडायला लागली. आपल्याच संघाच्या विरोधात बोलणारा चाहता त्यांनी पूर्वी पाहिला नव्हता. वर्नाने टीव्ही बंद ठेवला. शनिवारी क्रेन्सने आपल्या गटाचा अंतिम सामना जिंकला, तेव्हा ती घसा बसेपर्यंत ओरडली. मॅकब्राइडनेही आपला जिंकला, चांगला दणदणीत.

रविवारी अखेरची यादी जाहीर व्हायची होती. विद्यापीठाच्या हॉलमध्ये सगळं गाव जमलं. टेबलांवर चिलीची मोठाली भांडी आणि दालचिनीचे रोल होते. वर्ना घरी बसली असती तर कुणी काही म्हटलं नसतं, पण ती निळा कोट घालून आली आणि मागच्या भिंतीला टेकून उभी राहिली. तिच्या दोन्ही बाजूंची जागा रिकामीच राहिली.

पडद्यावर एकेक नाव येत गेलं. शेवटी ती छोट्यांची खुर्ची आली आणि तिच्यावर करड्या-केशरी रंगातलं नाव उमटलं: मॅकब्राइड टेक.

पुढे बसलेल्या खेळाडूंनी माना खाली घातल्या. वर्नाला वाटलं होतं, बरोबर झालं की बरं वाटेल. तसं काही झालं नाही. मग एकेक डोकं मागे वळलं. तिच्या बोलण्याने समितीचं मन फिरलं, की मॅकब्राइडच्या शनिवारच्या दणक्याने, हे कधीच कळलं नाही आणि तिने कधी श्रेयही घेतलं नाही. पण त्या घडीला सगळ्या हॉलला गुन्हेगार सापडला होता.

तेवढ्यात पुढच्या रांगेतून संघाचा कप्तान उठला. इसाया टोलिव्हर त्याचं नाव. दारातून आत यायला खांदे तिरके करावे लागत असा गडी. तो खुर्च्यांच्या मधून सरळ तिच्याकडे चालत आला. लोकांनी वाट करून दिली.

"मॅम," तो म्हणाला, आणि ते शेवटच्या टेबलापर्यंत ऐकू गेलं, "आम्हाला सप्टेंबरमध्ये संधी होती. आम्ही तो सामना हरलो. त्यांना ती संधीच कुणी दिली नव्हती."

मग त्याने आपला पंजा पुढे केला. वर्नाचा हात त्यात दिसेनासा झाला. कुठूनतरी एक टाळी वाजली. ओपलबाई होत्या. हातातला चमचा टेबलावर ठेवून त्या एकट्या टाळ्या वाजवत राहिल्या, आजूबाजूच्यांना लाज वाटेपर्यंत, आणि मग त्यांच्याबरोबर सगळेच.

मॅकब्राइडची पहिली लढत बलाढ्य टालमेज विद्यापीठाशी, त्यांच्याच मैदानावर होती. त्या सामन्याच्या आदल्या दिवशी सकाळी सलूनसमोर केंटचा पिकअप येऊन थांबला. मॅकब्राइडच्या चाहत्यांनी वर्नासाठी दोन तिकिटं राखून ठेवली होती. दुसऱ्याचं काय करायचं हे तिने ठरवलं नव्हतं. केंट आत आला, आरशात स्वतःचे पांढरे केस बघितले आणि म्हणाला, "चल, कोट घाल. टालमेज लांब आहे."

एवढंच. माफी कुणी मागितली नाही. मिझुरी ओलांडेपर्यंत दोघं गव्हाच्या भावावर आणि गुडघ्यांवर बोलत होते.

टालमेज विद्यापीठाचं स्टेडियम म्हणजे एक अख्खं शहर. लाल कपड्यांतल्या माणसांचा डोंगर, आणि एका कोपऱ्यात करड्या-केशरी रंगाची चिमूटभर माणसं. त्यांच्यात वर्नाचा निळा कोट लांबून दिसत होता. "अगं, ही तर रेडिओवाली!" कुणीतरी ओळखलं, आणि बघता बघता तिच्या हातात गरम कोकोचे तीन पेले आले. पुढचा एक दाढीवाला खाणकामगार वळून म्हणाला, "बाई, तुम्ही आम्हाला गिट्टीवाले म्हणता ना?"

"म्हणते. आणि पुढच्या वर्षीही म्हणणार."

तो इतक्या जोरात हसला की कोको सांडला.

सामना दुपारी सुरू झाला. पहिल्या पाच मिनिटांतच टालमेजने मॅकब्राइडला लोळवून आघाडी घेतली, आणि लाल डोंगरातून हसण्याचा आवाज आला. इथं कशाला आले हे, असा. मग हळूहळू तो आवाज कमी झाला. मॅकब्राइडची पोरं पडली की उठत होती. पडायची, उठायची, दोन पावलं पुढे जायची. मध्यंतराला बरोबरी होती. शेवटच्या भागात मॅकब्राइड चार गुणांनी पुढे गेलं, आणि तेव्हा लाल डोंगर पहिल्यांदा घाबरला.

अखेरचं अर्धं मिनिट उरलं. चेंडू टालमेजकडे, मॅकब्राइडच्या रेषेपासून दोन यार्डांवर. चौथा, म्हणजे शेवटचा प्रयत्न; चेंडू रेषेपलीकडे गेला की सहा गुण आणि सामना त्यांचा. इतका कल्लोळ की वर्नाला स्वतःचं ओरडणं ऐकू येत नव्हतं. केंट मात्र टालमेजच्या सेंटरकडे बघत होता, त्याच्या चेंडूवर दाबलेल्या बोटांकडे.

"मधून येणार," तो पुटपुटला. "पोरांनो, मधून येणार."

ते मधूनच आले. सगळ्या ताकदीनिशी. आणि मॅकब्राइडची रांग मागे सरकली नाही. माणसांचा एक ढिगारा झाला, पंच त्यात हात घालून एकेकाला बाजूला करू लागले. तळाशी चेंडू सापडला, रेषेच्या अलीकडे, हातभर अलीकडे.

वर्नाला पुढचं नीट आठवत नाही. दाढीवाल्याने तिला उचललं होतं एवढं आठवतं, आणि केंट, ज्याला गुडघ्यांमुळे जिना चढवत नव्हता, तो बाकावर उभा राहून रडत आणि ओरडत होता. थोड्या वेळाने तो खाली कठड्यापाशी गेला. चिखलाने माखलेला मॅकब्राइडचा सेंटर हेल्मेट काढून तिथून चालला होता. केंटने हाक मारली, हात पुढे केला. ते दोघं काय बोलले हे वर्नाला ऐकू आलं नाही. पोराने मान डोलावली आणि केंटचा हात दोन्ही हातांत धरून ठेवला.

फोन वाजला. ओपलबाई होत्या. मागे प्रचंड गलका.

"सगळा हॉल बघत होता," त्या ओरडून सांगत होत्या. "आम्ही गिट्टीवाल्यांसाठी ओरडलो, पोरी! माझ्या केसांचं पार वाटोळं झालंय. उद्याच सलून उघड."

पुढच्या मंगळवारी रेडिओ स्टेशनबाहेर माणसं कॉफी घेऊन उभी होती. वर्ना माइकसमोर बसली. घसा अजून फाटलेला होता.

"समितीने या वेळी बरोबर केलं," ती म्हणाली. "एवढं सांगून झालं. आता माझी पुढची तक्रार. न हरलेल्यांसाठी एकच खुर्ची का?"

काचेपलीकडे रसने हसत घड्याळ काढून खिशात टाकलं.