सरांसाठी बैठक शोधणारे मामू

गादीवाले मामू भर बैठकीतून उठून जायचे. वक्ता रंगात आलेला असो, प्रार्थना चालू असो, पटलं नाही की चपला सरकवल्या आणि बाहेर. लोक माना वळवून बघत राहायचे. सुरुवातीला मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं. पुढे पुढे त्यांच्या आधी मीच उठायला लागले.

ओळख झाली ती गाद्यांमुळे. भूकंपानंतरची वर्षं. लातुरात क्लासचं पीक आलं होतं, खेड्यापाड्यांतून पोरं लोटत होती आणि आमच्या गल्लीतल्या घराघरावर पत्र्याच्या खोल्या चढल्या होत्या. माझे यजमान केमिस्ट्री शिकवायचे, म्हणून अख्ख्या गावाचे 'सर'. मीही सरच म्हणायची. वरच्या भाडेकरू पोरांसाठी आमच्या घरातल्या जुन्या गाद्या पिंजायला मामूंना बोलावलं. त्यांनी अंगणात गादी उसवली, कापसात हात घातला आणि दारूचा पव्वा काढून माझ्यासमोर धरला. "भाभी, ह्यो कापूस न्हाई."

मी म्हटलं, "दुसरीही उसवा." तिच्यातही निघाला. दोन्ही सरांचेच, मी कबूल केलं. मामू कापसातच बसले. म्हणाले, "म्या बी लई प्यायलो. सोडून बरीच सालं झाली. आमी दारू सोडनारे एका जागी बसायचो, एकमेकाला खरं सांगायचो. ती बैठक मोडली, दुसरी हुडकू. सरांला घेऊन चला." मी लगेच हो म्हटलं. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन स्पष्ट सांगितलं होतं, असंच चाललं तर हा माणूस फार दिवस टिकणार नाही.

आणि गाव काय म्हणायचं? "सरांचं दुःख मोठं आहे हो!" माझे सासू-सासरे त्या पहाटे गावाकडच्या घराखाली गाडले गेले, हे खरं. पण सर त्याच्या कितीतरी आधीपासून पीत होते. मला ठाऊक होतं, त्यांना ठाऊक होतं. तरी जो तो येऊन भूकंपाचं निमित्त त्यांच्या हातात देऊन जायचा. दुःख मोठं म्हणे, डोंबल! मामू ऐकायचे आणि भडकायचे. "जमीन सगळ्यांची हालली. सगळ्यांनी गिलास धरला का?"

पहिली बैठक एका महाराजांची निघाली. सरांनी डोळे मिटून शपथ घेतली आणि घरी येऊन गाद्या चाचपल्या. दुसरी लातुरातच, एका हॉलमध्ये. आत निम्मे पालक! "या सर, पुढं बसा." खुर्ची दिली, पाणी दिलं, बोलायला माईक दिला. सरांनी काय करावं? दारूचं रेणुसूत्र सांगितलं, यकृतात तिचं काय होतं ते फळ्यावर काढून दाखवलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी आणि मामू तोवर रस्त्यावर आलो होतो.

तरी सरांना तिथंच जायचं होतं. महिनाभर प्यायले नाहीत, तर त्या शहाण्यांनी काय करावं? सत्कार! शाल, श्रीफळ, क्लासचे मालक प्रमुख पाहुणे आणि चौकात सरांच्या फोटोचं बॅनर. मामू दारातूनच परतले. म्हणाले, "भाभी, ह्यांनी त्यांला पुन्ना सर केलं. आता पाय घसरला तर सांगतील कुनाला?"

घसरलाच. त्याच आठवड्यात. चौकात बॅनर, म्हणून दार लावून आत प्यायले. सांगणार कुणाला? मी भरदुपारी चौकात गेले आणि काठीने ते बॅनर फाडून काढलं. लोकांना वाटलं, बाईचं डोकं फिरलं. फिरलंच होतं!

मग मामूंनी कंधारची बैठक शोधली. एसटीत सरांना बजावलं, "तिथं शिकवायचं न्हाई. नाव सांगायचं, मंग खरं सांगायचं." एका दुकानामागची खोली, जमिनीवर सतरंजी, खुर्ची एकही नाही. सर दारात घुटमळले. "मी लातूरला प्राध्यापक..." एवढंच म्हणाले, तर आतला एक म्हातारा खेकसला, "मास्तर घरी हायस. हितं सरक, मागच्याला जागा दे."

सर सरकले. त्यांची पाळी आली. म्हणाले, "मी प्रभाकर. मी दारुडा आहे. भूकंपाच्या आधीपासून."

मी तोंडात पदर कोंबून रडले. मामूंनी मात्र त्यांना फक्त चहा दिला. त्यानंतर दर आठवड्याला कंधार. एसटी बंद असली तर जीपला लोंबकळून. माझा माणूस वाचला.

मामू गेले तेव्हा जनाजा आमच्याच गल्लीतून निघाला. क्लास सुटायची वेळ, शेजारच्या फाटकाशी पालक उभे, आम्ही दोघं आमच्या दारात. त्यांच्यातल्या एकाने दुसऱ्याला सांगितलं, "काही नाही, तो बेवडा मामू गेला." इतकी वर्षं ज्याने थेंबाला हात लावला नाही, तो बेवडा! आणि ज्याने गाद्यांत बाटल्या लपवल्या, त्याला शाल! माझ्या अंगाचा तिळपापड झाला. मी तोंड उघडणार, तेवढ्यात सर पुढे झाले.

"बेवडा मी आहे. ते नव्हते."

"काहीतरीच काय, सर!" गृहस्थ हसले.

"सर म्हणू नका मला!" ते एवढ्या मोठ्याने ओरडले की फाटकाशी उभे सगळे वळून बघायला लागले. आणि तसेच अनवाणी धावत जाऊन त्यांनी मामूंना खांदा दिला.