जरा हळू

धाकटीचा दिवस पहाटे चारला सुरू व्हायचा. गजर लागत नसे. उठली की आधी केस घट्ट बांधायची, मग दोन्ही मनगटांना कापडी पट्ट्या गुंडाळायची. दिवसभराच्या चादरींचं वजन पाठीवर येत नाही, मनगटावर येतं. पट्टी न बांधता आलेली नवी बाई दुपारपर्यंत रडकुंडीला येते, हे मी नोकरीत पुष्कळदा पाहिलं.

धाकटी म्हणजे माझी धाकटी बहीण. आम्ही दोघं एकाच हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीत. मी भिंतीच्या एका बाजूला बॉयलरवर, ती दुसऱ्या बाजूला घडीच्या टेबलावर. "दादा वाफ करतो, मी वाफ खाते," असं ती लोकांना सांगायची. माझी बायको मुलगी लहान असतानाच गेली, तेव्हापासून धाकटी आमच्याच घरी. मुलीला जन्मापासून दिसत नाही. तिला आत्यानेच वाढवलं. मी पैसे आणले, वाढवलं आत्याने.

घडीचं काम सोपं दिसतं. इस्त्रीच्या गरम रुळातून चादर बाहेर आली की दोन बायका समोरासमोर उभ्या राहतात. एकेकीच्या हातात दोन दोन कोपरे. एकीने ओढायचं, दुसरीने धरून ठेवायचं, मग पुढे येऊन कोपऱ्याला कोपरा लावायचा. मशिनींच्या आवाजात दर कोपऱ्याला वाक्यं ओरडत बसता येत नाही, म्हणून एक खूण असते. कोपरा हातात पक्का बसला की म्हणायचं, "हं." जोडीदारणीचं हं आल्याशिवाय पुढची घडी घालायची नाही. घातली तर चादर निसटते, जमिनीला लागते, आणि परत धुवायला जाते. लॉन्ड्रीत याहून मोठी नामुष्की नाही.

धाकटीने पुस्तक वाचून दाखवायला घेतलं तेही असंच.

मुलीच्या शाळेत बोटांनी वाचायची पुस्तकं होती, पण ती वर्ष अर्धं सरल्यावर यायची. तोवर कोणीतरी वाचून दाखवणं भाग होतं. मी बसून पाहिलं. पाळीवरून आलो की दुसऱ्या ओळीलाच माझा डोळा लागायचा. मुलगी म्हणायची, "बाबा, राजा अजून घोड्यावरच बसलाय." शेवटी धाकटीने पुस्तक माझ्या हातातून काढून घेतलं. तिची स्वतःची शाळा चौथीत सुटली होती. आई अंथरुणाला खिळली, घरात कोणी हवं होतं, आणि ती राहिली. त्यानंतर तिने वाचलं ते औषधाच्या बाटलीवरचं आणि लॉन्ड्रीच्या पाटीवरचं.

सुरुवातीला ती ओळीखाली बोट धरून वाचायची. जोडाक्षर आलं की थांबायची, मग एकदम उडी मारल्यासारखी ते ओलांडायची. एक वाक्य झालं की थांबायची. मुलगी म्हणायची, "हं." मग पुढचं. हं आलं नाही तर तेच वाक्य परत, जरा हळू. मुलीला कळलं नसेल तर ती हं म्हणायची नाही, आणि धाकटीला स्वतःला कळलं नसेल तर मुलीचं हं आलं तरी ती पुढे जायची नाही. दोघी अडून बसायच्या. पहिल्या वर्षी एका धड्याला आठवडा लागला असेल.

पण दुपारी जेवण झालं, थोडी पाठ टेकली, की पुस्तक उघडलं नाही असा दिवस गेला नाही. लॉन्ड्रीत बाराशे चादरी झाल्या असोत की दोन हजार. कष्टाच्या बाबतीत मी कोणाची फुकट स्तुती करत नाही. हिची करतो.

मुलगी पाचवीत गेली, धाकटीही पाचवीत गेली. मुलगी दहावी पास झाली तेव्हा धाकटी घडीच्या टेबलावर सगळ्यांना सांगत होती, "आम्ही पास झालो." तिची जोडीदारीण मोठ्या तोंडाची बाई. तिने धाकटीचं नाव प्राध्यापकबाई ठेवलं. कारण आदल्या दिवशी वाचलेलं धाकटी दुसऱ्या दिवशी चादरीबरोबर हिला देत असे.

"काय प्राध्यापकबाई, आज कोणता राजा मेला?"

"आज राजा नाही. आज पृथ्वीच्या पोटात काय आहे ते."

"काय आहे?"

"वितळलेला दगड."

"म्हणजे आपल्यासारखंच की. कोपरा धर."

मुलगी कॉलेजात गेली. तत्त्वज्ञान हा विषय घेतला. शिक्षिका व्हायचं तिने ठरवलं होतं, आणि ते ऐकून धाकटीचा चेहरा असा झाला होता की जणू नेमणूक तिचीच झाली. जाडजूड पुस्तकं घरात यायला लागली. धाकटीचं वाचणं आता सरळ झालं होतं, बोट सुटलं होतं. मी खाटेवर पडून ऐकायचो. फार कळायचं नाही, पण आवाज चांगला वाटायचा.

आपल्या भाषेत ज लिहायचा एकच आणि बोलायचे दोन. जगातला ज वेगळा, जगण्यातला वेगळा. कुठे कोणता, ते कानाने कळतं. जो शब्द कानावर पडलाच नाही, तिथे माणूस फसतो. पुस्तकात एक शब्द आला, जरामरण. धाकटीने तो 'जरासं' मधल्या ज ने वाचला. मुलीने विचारलं, "म्हणजे काय गं?" धाकटी विचार करून म्हणाली, "जरा जरा येणारं मरण. माणूस एकदम थोडाच मरतो." मुलगी हं म्हणाली. मलाही ते पटलं होतं. बॉयलरवर तीस वर्षं काढलेल्या माणसाला ते पटतंच.

मुलीने तेच दुसऱ्या दिवशी वर्गात सांगितलं. घरी आली ती हसतच.

"आत्या, जरा म्हणजे म्हातारपण. जगातला ज. म्हातारपण आणि मरण, असा शब्द आहे तो. सर म्हणाले, थोडंसं मरण कुठल्या दुकानात मिळतं?"

"सगळे हसले?"

"हसले. मीही हसले. किती मस्त चुकलो आपण."

धाकटी भाजी निवडत होती. तिने एक जुडी संपवली, दुसरी घेतली.

"आपण नाही," ती म्हणाली. "मी चुकले."

"आत्या, असं काय."

"पास झालो तेव्हा आपण. चुकले ते मी. वाचलं कोणी?"

मुलीच्या मनात काही नव्हतं. पण कॉलेजने त्याच सुमारास दिसत नसलेल्या मुलांना फोनमध्ये एक बोलून शिकवणारं यंत्र घालून दिलं होतं, आणि ती आधी फक्त शब्द विचारायला ते वापरू लागली. हा ज कोणता, तो च कोणता. मग एखादा परिच्छेद. मग धडा. ते नुसतं वाचत नाही. विचारलं की समजावून सांगतं, नाही कळलं तर दुसऱ्या तऱ्हेने सांगतं, स्वतःच प्रश्न घालतं, उत्तर चुकलं तर कुठे चुकलं ते दाखवतं. एकदा त्याने 'जग' शब्द उलटा वाचला. 'तू जग' म्हणायचं तिथे दुनियेचा ज लावला. मुलीने टोकलं. ते म्हणालं, चूक दाखवल्याबद्दल आभार. धाकटी म्हणाली, "आभार मानतं. आमच्या सुपरवायझरपेक्षा बरं आहे."

यंत्र वाईट होतं असं मी लिहिणार नाही. खोटं होईल. मुलीचे गुण वाढले. धाकटीला जे प्रश्न झेपत नव्हते त्यांची उत्तरं तिला घरबसल्या मिळू लागली. पुस्तकांसाठी हिंडणं संपलं. सगळं फोनमध्ये. पुस्तकं घरात यायचीच बंद झाली.

धाकटीने नेम मोडला नाही. दुपारी पाठ टेकायची, उठायची, आणि भाजी किंवा उसवलेला कपडा घेऊन मुलीशेजारी बसायची. फोन वाचायचा, दोघी ऐकायच्या. वाक्य संपलं की धाकटीच्या तोंडून हं निघायचं.

"आत्या, त्याला हं लागत नाही," मुलगी हसून म्हणाली.

"मला लागतं."

त्या दिवसांत ती खूश होती असं मला वाटलं. बॉयलरवरून मी तोवर निवृत्त झालो होतो. लॉन्ड्रीत मी कधी तिचा विसरलेला डबा घेऊन जायचो, तेव्हा जोडीदारीण अजून विचारत असायची, कोणता राजा मेला, आणि धाकटी सांगत असायची. हात मोकळे, आवाज आयता. अभ्यास मात्र दोघींचा चालू.

मग मुलीची शिक्षिका होण्याची परीक्षा जवळ आली. धाकटी कामावर असताना घरी मी असायचो, म्हणून मला ते आधी कळलं. सकाळी मुलगी एकटी असली की फोन वेगळाच वाचायचा. पोतं फाटून दाणे जमिनीवर सांडावेत तसा. शब्द म्हणून काही ऐकू यायचं नाही. मी विचारलं, "हे काय लावलंस?"

"धडाच आहे, बाबा. आम्ही सगळी अशीच ऐकतो. तुम्ही लोक डोळे पळवता, आम्ही कान पळवतो."

दुपारी दारात आत्याची चप्पल वाजली की ती बोटाने काहीतरी करायची आणि फोन माणसासारखं बोलायला लागायचा.

एक दिवस रुळाची मोटर जळाली. पाळी लवकर सुटली आणि धाकटी नेहमीच्या वेळेआधी आली. दार उघडंच होतं. ती चप्पल बाहेर काढून उंबऱ्यात उभी राहिली. ते दाणे सांडत होते. मी खाकरलो, मुलीने ओळखलं, आणि फोन हळू झाला.

धाकटी आत आली. पट्ट्या सोडायला लागली.

"सकाळपासून किती झालं?" तिने विचारलं.

"तीन धडे."

"आणि मी आल्यावर किती होतं रोज?"

मुलगी फोन हातात फिरवत राहिली.

"सांग की. मी काय रागावणार आहे?"

"अर्धा. कधी अर्ध्याला कमी." मग घाईने म्हणाली, "पण तू असलीस की मला बरं वाटतं, आत्या. मी मुद्दाम हळू लावते."

"हो," धाकटी म्हणाली. "कळलं ते."

त्या पट्ट्या तिने घडी करून खिळ्याला अडकवल्या. दुसऱ्या दिवसापासून जादा पाळी घेतली.

मी चिडलो. या वयात गुडघे, मनगटं, सगळं बोलायला लागतं. म्हटलं, "सुटीच्या दिवशीसुद्धा जातेस. काय सोनं आणायचंय?"

"घरी काय करू, दादा? तिथे निदान जोडीदारीण हं म्हणते."

मुलगीही समजून होती. तिने माझ्या जुन्या फोनमध्ये तेच यंत्र घालून आत्याच्या हातात दिलं. "हे तुझं. तुझ्या वेगाने. काय हवं ते विचार, ते शिकवेल." धाकटीने नीट बसून ते सुरू केलं. आतून आवाज आला, आज तुम्हाला काय शिकायला आवडेल? तिने फोनची काच पुसली. त्याने पुन्हा विचारलं. तिने तो बंद करून माझ्याकडे दिला.

"काय शिकायचं ते मला ठाऊक असतं तर काय हवं होतं," ती म्हणाली. "पोरीचा पुढचा धडा असेल तो माझा असायचा."

मी म्हटलं, "मग एकटी वाच. वाचनालयातून पुस्तक आणून देतो."

"एकटीने चादर घडी होत नाही असं नाही, दादा. होते. पण जमिनीला लागते."

ते काम मीही पाहिलेलं आहे.

डबा घेऊन गेलो तेव्हा जोडीदारणीने तिला विचारलेलं मी ऐकलं. "प्राध्यापकबाई, बरेच दिवस झाले. कोणी मेलं नाही वाटतं?"

"नाही गं. सगळे जिवंत आहेत. कोपरा धर."

पगाराच्या दिवशी ती उशिरा आली. पिशवीत एक चौकोनी खोका होता. मुलगी फोन हळू करायला गेली, धाकटीने तिचा हात धरला. खोका फोडला. आत कानांवर पूर्ण बसणारे हेडफोन होते, मऊ गाद्यांचे, भारीतले. दुकानात तिने स्वतः कानाला लावून पाहिले होते. दुकानदार समोर ओरडून बोलला आणि तिला काही ऐकू आलं नाही, तेव्हाच घेतले.

"हे कशाला, आत्या? माझ्याकडे आहेत की."

"ते बोंडासारखे आहेत. कान दुखतात म्हणून तू लावत नाहीस, मला माहीत आहे. हे लाव."

"मग तू?"

"मी भाजी निवडते."

"मी तुला नंतर सगळं सांगेन. रोज. तोंडाने सांगेन."

"सांग. परीक्षा झाली की सांग." तिने ते मुलीच्या डोक्यावर चढवले, केस बाजूला केले, दोन्ही बाजू सारख्या बसल्या का ते चादरीचे कोपरे बघावेत तसं बघितलं. "आता हळू करायचं नाही. मी आले काय, गेले काय."

मुलगी काहीतरी म्हणाली, रडवेली झाली होती. मग तिने फोनवर बोट फिरवलं आणि ऐकायला लागली. धाकटी शेजारी बसली, परात पुढ्यात घेतली. मी खाटेवरून बघत होतो. मुलीची मान वाक्यावाक्याला हलत होती. धाकटी ती मान बघत होती, आणि एकदोनदा, मान थांबली तिथे, ती हं म्हणाली.

सगळ्या जादा पाळ्यांचा पगार त्यात गेला. वस्तू चांगली आहे. आवाज जराही बाहेर येत नाही.